नव्या वाशांची कीड

तुम्ही इंग्लंडला जाऊन जुने पब बघता, मी मस्कतच्या गाला या औद्योगिक भागातल्या वर्कशॉपमध्ये एक बनवलाय. तिथल्याच एका हॉटेलला चारशे वर्षं जुना इंग्लिश पब हवा होता, तोही महिन्याभरात. पांढऱ्या भिंती आणि त्यांत काळे लाकडी वासे. आमच्या कुडाळच्या दाजी सुतारांनी वासे रंधा मारून काचेसारखे गुळगुळीत केले.

हॉटेलचा गोरा मॅनेजर म्हणाला, "फार नवे दिसतात. किडीची भोकं पाडा."

दाजी माझ्याकडे वळले. "चांगल्या लाकडाक भोकां? आमच्या गावात ह्येच्यासाठी सुताराक गाळी घालतत!"

शेवटी त्यांनी कुरकुरत ड्रिल चालवलं. भोकं इतकी खरी झाली, की मॅनेजर त्यांच्यावरून प्रेमाने हात फिरवत होता.

उद्घाटनाच्या संध्याकाळी गेलो, तर पाहुणे नाकाला रुमाल लावून बाहेर उभे. हॉटेलच्या पेस्ट कंट्रोलवाल्याने दुपारी ती भोकं पाहिली होती. माणूस भलताच कर्तव्यदक्ष. त्याने एकेका भोकात औषध भरलं होतं.

मॅनेजर लालबुंद होऊन त्याच्यावर ओरडला, "हे काय केलंस?"

तो अभिमानाने म्हणाला, "टेन्शन मत लो सर. अब एक भी कीडा जिंदा नहीं है."