फ्रीजरमधली बाटली

बायोप्सीच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी सुजलेल्या चेहऱ्याची एक बाई आणि तिचा धाकटा भाऊ बसले होते.

"ताई, अजून चिडली आहेस?"

"छे! पाठीत सुई खुपसून किडनीचा तुकडा दोनदा काढून घ्यायला भाग्य लागतं."

"या हॉस्पिटलात तो तपासणारं कुणी नाही, हा काय माझा दोष?"

"मुळीच नाही. म्हणून तर मागच्या वेळी तुकड्याची बाटली तुझ्या हातात देऊन मोठ्या लॅबला पाठवली. आणि तू ती घरी नेऊन रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलीस."

"खराब होऊ नये म्हणून गं!"

"किती काळजी! पार बर्फ केलास. लॅबवाले म्हणाले, यात आता काही दिसायचं नाही. तोवर डॉक्टर अंदाजाने गोळ्या देतायत आणि माझा भोपळा होतोय."

"या वेळी मांडीवर घेऊन जातो."

"अंगाईही म्हण."

भाऊ चपलेकडे बघत म्हणाला, "ताई, उद्या वेळ आलीच, तर माझी एक किडनी तुला."

आतून बाईला हाक आली, तशी ती उठली.

"दे. फक्त वाटेत घरी थांबू नकोस."