न उमलणाऱ्या कळ्या

...नाही, पण मी म्हणतो, झाड विकणाऱ्याला झाडाचं नाव माहीत नको? हसा, हसा! आज मीही हसतोय, कारण आमची नात ठणठणीत आहे, ती बघा सोफ्यावर उड्या मारतेय... पण परवा रविवारी, तुम्हाला सांगतो, त्या नावावाचून आमचं अख्खं घर रडत होतं!

म्हणजे कसं, आमचा जन्म गेला बुधवार पेठेत. तिथे बाग म्हणजे खिडकीतली तुळस. मग मुलगा आयटीत लागला, सूनही आयटीतलीच आली, धायरीला फ्लॅट झाला, तळमजल्याचा, पुढे रुमालाएवढी बाग. मी म्हटलं, नर्सरीतून दोन रोपं आणतो. वल्लरी, म्हणजे सूनबाई, म्हणाली, "बाबा, नर्सरी काय! गार्डन सेंटरला जाऊ ना." गेलो. अहो, काचेचं दार, आत एसी, झाडांना गाणी लावलेली! तिथे हे झुडूप दिसलं. हिरवंगार, लालभडक कळ्या लोंबतायत. बाकी सगळ्या कुंड्यांना चिठ्ठ्या, नेमकी ह्यालाच नाही. टायवाल्या साहेबांना विचारलं, नाव काय? ते कॉम्प्युटरमध्ये डोकावले. "सर, सिस्टीममध्ये फ्लॉवरिंग श्रब दाखवतंय." अहो, फुलझाड आहे ते मलाही दिसतंय! उद्या तुम्हाला कुणी नाव विचारलं तर 'पुरुष' म्हणून सांगाल का?

पण आणलं. आणि फुलतंय कुठलं! संध्याकाळी बघावं तर कळ्या टपोऱ्या, आता उद्या उमलणार... सकाळी बघावं तर फांद्या रिकाम्या! म्हटलं, कळी गळतेय. शेणखत घातलं, आंबट ताक घातलं, कांद्याच्या सालींचं पाणी घातलं... एवढे लाड माझ्या लग्नात सासरच्यांनी माझे केले नाहीत! येणारा-जाणारा थांबतो, मान वाकडी करतो, "छान आहे हो, नाव काय?" नाव काय! त्यात ती पहाटे फिरायला निघणारी मंडळी तुम्हाला ठाऊक आहेतच... हातात पिशवी, काखेत आकडीची काठी, फुलं लोकांची आणि पुण्य ह्यांचं! म्हणून मी आधीच कुंपणाला पाटी लावून टाकली. "येथील फुले तोडू नयेत. सध्या फुले नाहीत. आल्यावरही तोडू नयेत."

तर रविवारी सकाळी आमची ही बागेतून किंचाळली, "अहो, पोरीनं काय खाल्लं बघा!" धावलो. सृष्टी, नुकती कुठे चालायला लागलीय, झाडाखाली फतकल मारून बसलेली. तोंड लाल, मुठीत चुरगळलेली कळी, अर्धी पोटात! डॉक्टरांना फोन लावला. ते शांतपणे विचारतात, "झाडाचं नाव काय?" ...घ्या! म्हटलं, डॉक्टर, फ्लॉवरिंग श्रब. ते म्हणाले, "काका, कण्हेर वगैरे नाही ना? कण्हेर असेल तर पोरीला घेऊन असेच निघा." कण्हेर! अहो, कण्हेर मी ओळखतो, पण हल्ली ह्या हायब्रीडच्या जमान्यात काय सांगावं? वल्लरी लॅपटॉप उघडून रडतेय, "बाबा, रेड फ्लॉवर टाकलं की लाखो येतायत, ह्याचं नाव काय?" मुलगा गाडीची किल्ली शोधतोय. गार्डन सेंटरला फोन केला तर तिथे गाणं वाजतंय! आणि पोरगी आमच्याकडे बघून हसतेय हो... मला रडूच फुटलं.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज, "घाबरू नका, काही होत नाही! मिरची जास्वंद आहे ती!" बघतो तर मागच्या बिल्डिंगमधले दिगंबरपंत, बँकेतून रिटायर झालेले. "ती कळी नव्हे, फूलच ते. मिटलेलंच असतं, उमलत नाही. आमचा नातू रोज देठाकडून चोखतो, मध असतो त्यात." डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "जास्वंद ना? मग पाणी पाजा, खेळू द्या, लक्ष ठेवा." हुश्श! मी पोरीला असं घट्ट धरलं की तीच रडायला लागली. सगळे हसतायत, डोळे पुसतायत... आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, "दिगंबरपंत, रोज चोखतो? म्हणजे तुमच्याकडेही झाड आहे?"

पंतांच्या काखेतली काठी हळूच पाठीमागे गेली.

"...नाही."

"अहो, पाटी वाचली नाहीत?"

"वाचली की! 'सध्या फुले नाहीत' असं तुम्हीच लिहिलंय. म्हटलं, मालकाला पत्ता नाही, उगाच वाया कशाला घालवायची?"

आता ह्यांना चांगलं फैलावरच घेणार होतो. पेठेत तीन पिढ्या काढलेल्या घरातला माणूस मी! पण कडेवर पोरगी खिदळतेय. म्हटलं, चोरा, तुझ्या तोंडात साखर पडो! आणि चहाला आत बोलावलं.

तेव्हापासून पंत राजरोस फाटकातून येतात, आकडीबिकडी काही नाही, हातानं खुडतात. आज संकष्टी. ही म्हणाली, "गणपतीला आपलं एक फूल आणा." गेलो... फांद्या साफ! तेवढ्यात बेल वाजली. दारात दिगंबरपंत, हातात वाटी, वाटीत एकच लाल फूल. "घ्या, तुमच्या गणपतीला." आणि मी, तुम्हाला सांगतो, दोन्ही हात पुढे करून म्हणालो, "उपकार झाले हो!"

झाडाचं नाव कळलं, बरं झालं. आता झाड कुणाचं, तेवढं विचारू नका.