सुनेच्या नावानं

अंबूबाई : ...सगळ्या बायका रडल्या बघ लीला. चर्चच्या पाळकीणबाईंनी डोळ्याला पदर लावला तो सोडलाच न्हाय. मी मनात म्हटलं, उद्या जाऊन पोरीला भेटायलाच पायजे.

लीला : कशासाठी रडल्या?

अंबूबाई : तुझ्यासाठी की. काल बायकांच्या प्रार्थनासभेत तुझाच तर विषय हुता.

तानाबाई : अंबू, चहा निवतोय. घे आधी.

अंबूबाई : घेतो की. पर तानाबाई, तुम्ही लाजू नगासा. संस्थान विलीन झालं त्या साली मिशनच्या मडमसाहेब मायदेशी गेल्या, तवापासनं तुम्हीच आमच्या बायबलबाई. घरोघर जाऊन शुभवर्तमान सांगता. आनि आपल्याच सुनंचं असं चारचौघींत मांडायचं म्हंजे काळीज लागतं.

लीला : काय मांडलं, अंबूमावशी?

तानाबाई : कायसुदिक न्हाय. हिला तिखटमीठ लावायची सवय हाय.

अंबूबाई : मी कशाला लावू? देवानं दिलेल्या जिभंनं खरं तेच बोलतो. हे बघ लीला, पाळण्यातलं लेकरू गेलं, दुःख कुणाला हुणार न्हाय? माझी दोन गेली. पर देव बहिरा हाय असं म्हणू नये बाळ. त्यानं माझं ऐकलं न्हाय, आता मी त्याचं तोंड बघणार न्हाय, असं बाईमाणसानं बोलावं व्हय?

लीला : हे मी बोलले?

अंबूबाई : तुझ्या सासूनंच उभं राहून सांगितलं की. मग एकेकीनं तुझं नाव घेऊन प्रार्थना केली. कबनूरच्या आक्कांची तर संपता संपंना.

लीला : आमच्या शाळेच्या मोठ्या बाई होत्या सभेला?

अंबूबाई : हुत्या की. त्याच म्हणाल्या, असल्या मनानं ही मुलींना बायबलचा शास्त्रपाठ कसा शिकवणार? तसं काळजीनंच म्हणाल्या हो. पाळकसाहेबांच्या कानावर घालणार हायत. बरं, येतो मी. तू मनाला लावून घेऊ नगंस.

(अंबूबाई जाते. तानाबाई दार लोटून घेते.)

लीला : दार कशाला लावता? सगळ्या गावाला तर कळलं.

तानाबाई : लीला, माझं ऐक जरा.

लीला : तुम्ही माझं ऐकलं होतंत, आत्याबाई? आपण तांदूळ निवडत होतो. तुम्ही विचारलंत, निजताना प्रार्थना करतेस न्हवं? मी म्हटलं, गुडघे टेकते, पण शब्द येत नाहीत. एवढंच म्हटलं होतं ना?

तानाबाई : व्हय. एवढंच.

लीला : देवाला बहिरा म्हटलं होतं?

तानाबाई : न्हाय.

लीला : तोंड बघणार नाही म्हटलं होतं?

तानाबाई : न्हाय गं बाई, न्हाय.

लीला : मग हे कुठून काढलंत? माझ्या आईलासुद्धा बोलले नव्हते, ते तुम्हाला बोलले. मी भांडले नव्हते देवाशी. गप्प बसले होते, बसू द्यायचं होतंत. आता मंडळीत मी देवाला शिव्या देणारी झाले. सोमवारी मोठ्या बाईंनी बोलावलं तर काय सांगू? माझी सासू खोटं बोलली म्हणून सांगू?

तानाबाई : सांग.

लीला : असं कसं सांगेन मी? आणि सांगितलं तरी खरं कुणाला वाटणार? तुम्ही बायबलबाई, मी कालची सून.

तानाबाई : तसं ते खोटं न्हवतं. तुझं न्हवतं, एवढंच.

लीला : मग कुणाचं होतं?

तानाबाई : माझं.

लीला : काय म्हणता?

तानाबाई : बघू नगंस माझ्याकडं अशी. आधीच मेल्याहून मेल्यागत झालंय. बाळ तापानं फणफणत हुतं, तू त्याला मांडीवर घेऊन बसलीवतीस. मी मागच्या खोलीत गेलतो. देवाला म्हटलं, मला ने. माझं खाऊनपिऊन झालंय, त्याचं अजून बाप्तिस्म्याचं पाणीबी डोक्यावर पडलं न्हाय. त्यानं नेलं त्यालाच. तवापासनं पोटात एकच हाय. का म्हणून? माझं ऐकलंस का न्हाईस?

लीला : आणि हे सभेत...

तानाबाई : काल प्रार्थनेसाठी विषय मागितले. हिचा दमा, तिच्या पोराची नोकरी. मी उठलो आनि हेच तोंडाला आलं. सगळ्या माझ्याकडं बघत हुत्या. मी दारोदार सांगत फिरतो, तुमचं जे असंल ते देवापुढं मोकळं करा. माझ्याच तोंडानं कसं म्हणू, देव बहिरा हाय? तर तोंडातनं निघालं, माझी सून म्हणती.

लीला : किती सोपं झालं तुम्हाला.

तानाबाई : बोल. काय बोलायचं ते बोल.

लीला : माझं मूल गेलं, आत्याबाई. त्याचंच मला पेलत नाही. त्यावर तुमचंही माझ्याच डोक्यावर ठेवलंत.

तानाबाई : चुकलं माझं. लई चुकलं. पुढच्या सभेत उठून सांगतो, ते माझं हुतं म्हणून. बायबलबाईचं काम काढून घेतील, घेऊ देत. तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाय तरी चालंल.

लीला : पुढच्या सभेपर्यंत मी काय करू? मोठ्या बाईंकडं आज जा.

तानाबाई : आजच?

लीला : आत्ता.

तानाबाई : जातो. लुगडं बदलतो आनि जातो. माझा वसंता आला की त्यालाबी मीच सांगतो.

लीला : आणि त्याला?

तानाबाई : कुणाला?

लीला : देवाला सांगितलंत का? त्या खोलीतनं बाहेर आल्यावर पुन्हा विचारलंत कधी?

तानाबाई : न्हाय. रोज त्याचं पुस्तक घेऊन हिंडतो, पर त्याच्याशी बोलायला लाज वाटती.

लीला : सगळ्या बायकांना माझ्या नावानं सांगितलंत. त्याला तुमच्या नावानं सांगा. मग जा मोठ्या बाईंकडं.

तानाबाई : तुझ्या म्होरं?

लीला : माझ्यापुढंच.

तानाबाई : बरं. हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही दीन पापी जन तुझ्या कृपासनापुढे नम्र होऊन येतो आणि...

लीला : ही सभेतली झाली.

तानाबाई : मला हीच येती गं.

लीला : बाळासाठी केलीत ती कुठल्या भाषेत केलीत?

तानाबाई : ...देवा. मी तानाबाई. माझा नातू जळत हुता तवा तुला हाक मारली हुती. मला ने म्हटलं हुतं. ऐकलं असशील तर त्याला का न्हेलंस? तुझ्यावर लई राग हाय माझा. तो मी ह्या पोरीच्या अंगावर घातला. तिनं मला आपली समजून सांगितलं, मी तिलाच उघडं पाडलं. त्याची लाज वाटती. राग गेला असं मातूर म्हणणार न्हाय, तो अजून हाय. का न्हेलंस, तेवढं सांग. आमे...

लीला : थांबा, आत्याबाई. आमेन म्हणू नका अजून. मलाही विचारायचंय.