शंभर क्रेटमागे एकतीस

सर : नकाशातला हा मधला फुगलेला ठिपका माझा?

विद्यार्थिनी : हो सर. ज्याच्या पेपरचा संदर्भ जास्त जणांनी दिला, त्याचा ठिपका मोठा. कोणी कोणाचा दिला ते रेघांवरून कळतं.

सर : आणि हा गुंता?

विद्यार्थिनी : तुम्ही आणि तुमचे चार मित्र. तुम्ही त्यांचा देता, ते तुमचा. बाहेरच्याला दारातही उभं करत नाही.

सर : जीभ सांभाळ. शेतीच्या अर्थशास्त्रात माणसं ती किती? आम्ही एकमेकांचं वाचतो.

विद्यार्थिनी : वाचत नाही सर. तुम्ही लिहिलंय, बाजारात पोचेपर्यंत शंभर क्रेटमागे एकतीस क्रेट टोमॅटो सडतात. पुढच्या बेचाळीस पेपरांत तेच एकतीस. मूळ तक्ता तुमच्याच पेपरच्या शेवटच्या पानावर आहे. तिथे तेरा.

सर : पाणी दे जरा.

विद्यार्थिनी : बेचाळिसातला एक माझा. मीही शेवटचं पान उलटलं नाही. मान वर करवत नाही. तुम्हाला कधी कळलं?

सर : छापून आल्यावर आठवड्यात. सर्व्हेच्या बाई मोजणीची वही घेऊन आल्या होत्या. म्हटलं, टाइप करताना आकडे उलटे पडले, दुरुस्ती पाठवतो. तेवढ्यात दोघा मित्रांनी एकतीस उचललं. त्यांना तोंडघशी कसं पाडू?

विद्यार्थिनी : म्हणून बाईंना कामावरून काढलंत.

सर : त्या रोज विचारायच्या. रोज. ...उद्याच्या परिषदेत हा नकाशा लावू नकोस. तुझा प्रबंध अजून माझ्या टेबलावर आहे.

विद्यार्थिनी : माहितीये. राहू दे तिथेच. मला फक्त बाईंचा ठिपका घालायचाय. फोन लावा.

सर : काय बोलू मी?

विद्यार्थिनी : आकडा सांगा. बाकी काही नको.

(सर मोबाइलमध्ये ‘सर्व्हे बाई’ शोधून फोन लावतात, स्पीकरवर टाकतात.)

बाई : बोला सर. बारा वर्षांनी आठवण?

सर : बाई, ते... तेराच होते.

बाई : मला सांगताय? मीच मोजले होते, नाकाला पदर लावून.

सर : उद्या सगळ्यांसमोर सांगतो.

बाई : बरं. वही लागली तर आहे माझ्याकडे.

विद्यार्थिनी : बाई, मी सरांची विद्यार्थिनी. नकाशावर तुमचं पूर्ण नाव काय लिहू?

बाई : सरांना विचार ना, पोरी. सहा वर्षं माझ्या हजेरीवर त्यांचीच सही असायची.

विद्यार्थिनी : सर... सांगा ना.