बायको अपील कोर्टाच्या निवडणुकीला उभी राहते तेव्हा

...आणि वर मलाच विचारतात, "काय रे वॉल्ट, चेहरा का उतरलाय?" अहो, उतरणार नाही तर काय! तुमची बायको राहू दे अपील कोर्टाच्या निवडणुकीला उभी, मग बोला! हो, निवडणूक! आमच्या ओहायोत न्यायाधीशालासुद्धा दारोदार फिरवतात... मर्ना, म्हणजे आमची ही, खुर्चीत होतीच हो! मधेच एक न्यायाधीश वारले, गव्हर्नरनं हिला बसवलं. पण पुढची निवडणूक आली की लोकांचा कौल घ्या! आणि तो मागायचा कसा? तर कुणी काहीही विचारलं तरी गप्प बसायचं. न्यायाधीशाला बोलायची मुभा नाही!

तुम्हाला सांगतो, जत्रेत उभे होतो, डुकरांच्या गोठ्यासमोर, भर उन्हात, नखं घासायच्या पट्ट्या वाटत... हो, पट्ट्या! इथे उमेदवार त्याच वाटतात, वर नाव छापून. का, ते मला विचारू नका. एक म्हातारी आली.

"चोरांना आत टाकशील ना गं?"

"आजी, तसा शब्द नाही देता येत मला."

"बरं, बंदुकांचं काय?"

"तेही नाही सांगता येत."

"मग करतेस तरी काय?"

"खालच्या कोर्टाचं काही चुकलं का, ते आम्ही बघतो."

"म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायच्या? त्याचा पगार? ते तर मी घरबसल्या फुकट करते!" आणि मूठभर पट्ट्या उचलून चालती झाली.

आणि निवडणुकीत हिच्यासमोर उभा कोण? डग टॅलबर्ट! अपील कशाशी खातात, त्याला ठाऊक नाही. पण 'टॅलबर्ट सोफा' घराघरात! बरं, त्या सोफेवाल्यांचा हा कोण लागतो? कोणी नाही! म्हटलं, "मर्ना, एवढं तरी सांग लोकांना!" तर म्हणे, "वॉल्ट, ते शोभत नाही." शोभत नाही! ताट बाजूला सारून फायली वाचणारी बाई ही... कुणाचं पोर, कुणाचं घर त्या निकालावर अडकलेलं, म्हणून एकेक ओळ पुन्हा पुन्हा वाचणार... पण बोलायची मुभा नाही!

आणि पडली हो. पडली! शेजारचा ऑटिस सांगतो कसा, "मतपत्रिका ही लांबलचक, जज सगळे पाठीमागे. तिथवर पोचेस्तोवर जीव दमला रे! एक नाव ओळखीचं दिसलं, केली खूण."

"अरे, माझी बायको होती तिथे!"

"मर्ना? ती तर आधीच जज आहे ना? तिला मत कशाला लागतं?"

काय डोकं आपटायचं!

मग टॅलबर्टचाच फोन. "मॅडम, राग नसावा... निकालांचे मसुदे लिहायला कुणी जाणकार मिळेल का?" मला वाटलं, आता ही त्याला सोलून काढणार! तर म्हणाली, "कधीपासून येऊ?" रडू आलं हो मला. म्हटलं, "मर्ना, अगं अपमान आहे हा!" तर म्हणे, "त्या माणसांच्या फायली तशाच पडल्यात, वॉल्ट. कुणीतरी वाचायला हव्यात ना?"

आता मसुदा ही लिहिते, सही तो करतो, आणि कुणी लिहिला ते सांगायचीही मुभा नाही! आपल्यातच ठेवा हं. परवा ऑटिस पेपर नाचवत आला. "बघ, किती बारकाईनं निकाल देतो टॅलबर्ट! माणूस बरोबर निवडला की नाही मी?"

म्हटलं, बस, कॉफी घे.