अधिक माहितीसाठी संपर्क

(झिंबाब्वेतलं एक गाव. दफनाची सकाळ. अंगणात ढोल चालू आहे. आतल्या खोलीत विधवा सेकेसाई, तिची नणंद रोपाफाद्झो आणि मयताचा मित्र मटांबो.)

मटांबो : कोट घट्ट होतोय, वहिनी.

सेकेसाई : ह्यांचा लग्नातला आहे. आजारपणातला नको म्हटलं. हा चष्मा घ्या.

मटांबो : आता ऐका. "तात्काळ प्रसिद्धीसाठी. कळवण्यास खेद होतो, की सिमेंट कारखान्याचे माजी प्रवक्ते झ्विदझाई यांनी श्वास घेणे पुढील सूचनेपर्यंत स्थगित केले आहे. परिस्थिती नियंत्रणात आहे."

रोपाफाद्झो : अरे, लाज वाटते का? माझा भाऊ पलीकडच्या खोलीत पडलाय!

मटांबो : मी त्याचा साहविरा आहे, ताई. मयताची नक्कल मी नाही करायची तर कुणी? आजोबांपासून तुमच्या घरच्या मयतांत आम्हीच लोकांना हसवतोय. आणि साहविऱ्यावर रागवायचं नसतं.

सेकेसाई : बोलू द्या, वन्सं. रडणं ऐकून ऐकून कान किटलेत माझे. आणि हे बोलायचे तस्सेच. आमटीत मीठ नसलं तर "मिठाचा तात्पुरता तुटवडा जाणवत आहे." दवाखान्यात शेवटच्या दिवशीसुद्धा मला म्हणाले, "प्रकृती स्थिर आहे."

मटांबो : घालतो हे. मीठसुद्धा. लोक लोळतील.

सेकेसाई : भाऊजी, आणखी एक घाला. फराईचं.

रोपाफाद्झो : सेकेसाई!

सेकेसाई : माझा भाऊ होता तो, वन्सं. कारखान्याचा ट्रक त्याच्यासकट दरीत कोसळला, आणि ह्यांनी कागद काढला, "चालकाच्या निष्काळजीपणामुळे." रेडिओवर तेच, चर्चमध्ये तेच. ब्रेक लागत नाहीत म्हणून फराई आमच्याच घरात, मक्याचा साझा खाता खाता ह्यांना सांगून गेला होता. मी वाढत होते.

मटांबो : तू विचारलं नाहीस त्याला?

सेकेसाई : विचारलं. म्हणाले, "प्रवक्त्याला याबाबत भाष्य करायचे नाही." स्वतःच्या बायकोला! मग परत नाही विचारलं. दमले मी.

रोपाफाद्झो : नोकरी होती त्याची. मालक सांगेल ते लिहायचा.

सेकेसाई : ठाऊक आहे. त्या नोकरीचंच मीही खाल्लं. पण आई माझी त्या दिवसापासून ह्या घरात पाणी प्यायली नाही. आजही आली, पण बसलीय बाहेर, चुलीपाशी. निष्काळजी पोराची आई म्हणून तिला अजून बोट दाखवतात.

रोपाफाद्झो : मग मेल्यावर भावाची अब्रू काढायची? कारखान्याची बस भरून माणसं येताहेत. मॅनेजर येतोय!

सेकेसाई : म्हणून तर आज. मी बोलले तर नवऱ्याला मातीत घालता घालता शिव्या देते म्हणतील. साहविरा बोलला तर कुणाला राग धरता येत नाही.

मटांबो : वहिनी, मी हसवणारा माणूस. हे हसण्यासारखं नाही गं.

सेकेसाई : आधी हसवा. मिठावर हसवा. मग त्याच आवाजात सांगा. तुमच्याशिवाय कोण आहे मला?

मटांबो : ...त्याच आवाजात? "खुलासा. प्रवक्त्यांच्या पूर्वीच्या निवेदनात चूक झाली होती. ट्रकचे ब्रेक नादुरुस्त होते. चालक फराई यांनी तशी पूर्वसूचना दिली होती. चालकाचा दोष नव्हता." असं?

सेकेसाई : असंच.

मटांबो : ताई? तुम्ही नको म्हणालात तर मी नाही बोलणार. भाऊ तुमचा.

रोपाफाद्झो : मला काय विचारतोस? दवाखान्यात तो झोपेत फराईलाच हाका मारायचा. मला वाटलं, तापात बरळतोय. ...टाय सरळ कर तुझा. तो कधी वाकडा बांधायचा नाही.

मटांबो : "प्रवक्ते दिलगीर आहेत," घालू का?

सेकेसाई : नको. ते म्हणाले नाहीत. खोटं आता पुरे.

मटांबो : शेवटी तो एक ओळ घालायचा. "अधिक माहितीसाठी संपर्क," आणि खाली स्वतःचं नाव. आता तो नाही. कुणाचं घालू?

सेकेसाई : माझं घाला. आणि चुलीकडे तोंड करून म्हणा, जरा मोठ्यानं. आईला आता कमी ऐकू येतं.