घट्ट बसलेलं म्यान

भाची: मामा, आजोबांची सुरी फडक्यात गुंडाळू नकोस. अजून सौदा झालेला नाही!

मामा: झाल्यातच जमा. व्यापारी येईल, त्याला आवडलेली ही आजोबांची घडीव सुरी घेऊन जाईल आणि बदल्यात त्याने बघायला ठेवलेली ही शिकारी सुरी माझी! महायुद्धाच्या आधीची! आमच्या सुऱ्या जमवणाऱ्यांच्या क्लबातल्या म्हाताऱ्यांची तोंडं बघायचीत मला.

भाची: त्यातल्या एकाचं आत्ताच बघतेय.

मामा: जीभ बघा पोरीची! सुट्टीत चार सुऱ्यांना तेल काय लावलं, झाली लगेच पंडित!

भाची: झालेच मुळी. सांगा पंडितांना, युद्धाआधीची कशावरून?

मामा: म्यानावरचा ठसा बघ. उडी मारणारं हरीण. युद्धानंतर कारखान्याने तो कधीच वापरला नाही.

भाची: ठसा म्यानावर. सुरीवर कुठाय?

मामा: धार लावून लावून गेला असेल.

भाची: ठसा मुठीला लागून असतो, तिथे कोण धार लावतं? मामी, मामा कांदा मुठीने चिरतो का गं?

मामी: (स्वयंपाकघरातून) कांदे कुठे ठेवलेत ते विचार त्याला आधी!

मामा: तुम्ही दोघी मिळून बसा आता माझ्या मानगुटीवर.

भाची: बरं, पातं बघ. झिजून अर्धं राहिलंय ना?

मामा: राहणारच. हाडाच्या शिकाऱ्याने वापरलीय.

भाची: आता म्यानात घाल. हलवून बघ.

मामा: तसूभर हलत नाही! काय सुरेख बसलीय!

भाची: तेच तर! म्यान नव्या, रुंद पात्याच्या मापाने शिवलं असतं, तर आत्ता खुळखुळा वाजला असता.

मामा: चामडं आक्रसतं, बाईसाहेब.

भाची: आणि आक्रसता आक्रसता या मोडक्या टोकाचंही माप घेतं? म्यान पातं झिजल्यावर शिवलंय, मामा. एक धागा जाळू?

मामा: अगं ए, काडी ठेव खाली!

भाची: एकच... हे बघ. सुताची राख झाली असती. याची काळी गोळी झाली. नायलॉन! ते युद्धाआधी कुठे होतं? नव्या म्यानावर जुना ठसा मारलाय कुणीतरी. सुरी कधीची, देव जाणे.

मामा: हं.

भाची: नुसतं हं? टोमणा तरी मार ना. मला भीती वाटते अशाने.

मामा: आधी सुरी बघावी, मग म्यान. क्लबात येईल त्याला हेच सांगतो मी.

भाची: मलाही सांगितलंस की.

मामा: दोरा चकाकत होता गं. दिसला होता मला. पण अशी सुरी हवी होती ना... म्हणून भिंग काढलंच नाही.

(दारावरची घंटा वाजते.)

मामी: आला रे तुझा व्यापारी!

मामा: तू उघड. म्हणावं, सौदा रद्द. आणि आजोबांच्या सुरीचं ते फडकं सोड आधी.

भाची: सोडलं. पण त्याने विचारलं, ही तरी कधीची, तर? आजोबांच्या सुरीवर ठसाच नाही. म्यानही नाही.

मामा: सांग, मामाची इवली बोटं मुठीला पुरत नव्हती, तेव्हाही घरात होती.